खिडकीतली मोजणी

प्रकरण चौदावे

बाहुल्यांना जागं करायचा दिवस उलिगांच्या घरात एरवी कधी गप्प गेला नव्हता. नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी अर्नो माळ्यावरून पेटी खाली आणायचा, मिल्डा स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरायची, आणि वर्षभर वाळल्या गवतात निजलेली लाकडी माणसं एकेक करून उजेडात यायची. सगळ्यात आधी धूप ओढणारा म्हातारा, पोटात धूप पेटवला की तोंडातून धूर सोडणारा. त्याला झोपेतून उठवलं की तो खोकतो, असं अर्नोच्या वडिलांच्या वेळेपासून ठरलेलं होतं. त्यामुळे अर्नो दर वर्षी त्याच्या वतीने खोकायचा आणि रोझेल हसून टेबलाखाली जायची.

यंदा अर्नोने म्हाताऱ्याला काढलं, त्याच्या टोपीवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि त्याला तसाच बाजूला ठेवला. रोझेल वाट बघत राहिली. मग आजोबांकडे न बघता तीच हळूच खोकली. आठ वर्षांची पोर; घरात काहीतरी बिनसलंय एवढं कळायला ते वय पुरतं.

मिल्डाने तिला कोळशाच्या कोठीतून, खिडकीत अंथरायच्या शेवाळाची टोपली आणायला पाठवलं.

बिनसलेलं काय होतं ते टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी थेआने, या घरच्या सुनेने, सासूसासऱ्यांना सांगितलं होतं की कोनराड पोलने तिला लग्नाचं विचारलंय आणि ती हो म्हणाली आहे. पोल रेल्वेत सांधेवाला होता, युद्धाच्या शेवटी सायलेशियातून घरदार सोडून आलेला. गल्लीच्या वरच्या टोकाला, जुन्या खाणीच्या घंटेजवळ, तळमजल्यावरच्या एका खोलीत तो राहायचा. थेआचा नवरा गॉटहोल्ड, अर्नो आणि मिल्डाचा एकुलता मुलगा, पूर्वेच्या आघाडीवर गेला तो गेलाच. त्याच्याबद्दल ना बरी बातमी आली ना वाईट. युद्ध संपून सहा वर्षं झाली होती.

अर्नोने तेव्हा आरडाओरडा केला नव्हता. तो एवढंच म्हणाला होता, "तुझं वय आहे, तू जा. पोरगी या खिडकीतली आहे, ती इथेच राहील." त्यावर थेआ म्हणाली होती की पोरीला टाकून ती जाणार नाही, आणि तुमच्या हातातून हिसकावूनही नेणार नाही, मग लग्न होणार नाही, झालं. त्यानंतर ती कापडगिरणीत जात होती, परत येत होती, भांडी घासत होती. कोणाशी वाकडं बोलत नव्हती. मिल्डाला तेच सोसत नव्हतं.

अर्नो 'खिडकीतली' म्हणाला ते काही बोलायचं म्हणून नव्हे. या डोंगरातल्या जुन्या गल्लीत घरात मुलगा जन्मला की दोन्ही हातांत मेणबत्त्या धरलेला लाकडी खाणवाला कोरायचा, मुलगी जन्मली की तशाच दोन मेणबत्त्यांचा देवदूत. आगमनकाळात ते रस्त्याकडच्या खिडकीत उभे करायचे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला बाहेरूनच कळतं की या घरात लेकरं किती. मुलगी लग्न होऊन गेली की तिचा देवदूत तिच्याबरोबर जातो. ट्राउडेलचा, म्हणजे मिल्डाच्या मुलीचा, केव्हाच बाजारचौकातल्या तिच्या नवऱ्याच्या घरी गेला होता. थेआचा तिच्या माहेरच्या घराबरोबर बॉम्बहल्ल्यात जळाला. उलिगांच्या खिडकीत आता दोनच उरले होते: गॉटहोल्डचा खाणवाला आणि त्याच्या शेजारी रोझेलचा देवदूत. गॉटहोल्ड आघाडीवर होता, म्हणून तो देवदूत अर्नोनेच कोरला होता. गॉटहोल्डने तो पाहिलाही नव्हता. आणि पोरगीही नव्हती पाहिली.

अर्नो खाणवाल्याच्या हातातलं जुनं मेण खरवडत होता, तेवढ्यात ट्राउडेल आली. बुटांवरचा बर्फ न झटकताच आत आली, त्यावरूनच मिल्डा समजली की बातमी बरी नाही.

ट्राउडेल खरं तर थेआच्या बाजूची. युद्धाच्या शेवटच्या वर्षात दोघी एका पांघरुणात झोपल्या होत्या. पोलचं प्रकरण सगळ्यात आधी तिला कळलं होतं आणि तिनेच थेआला धीर दिला होता. पण गेल्या आठवड्यात, पोल पुढेमागे खालच्या शहरातल्या मोठ्या स्टेशनात बदली मागणार हे कळल्यापासून, तिचा सूर बदलला होता. मिल्डाला तिने दाराआड गाठून सांगितलंही होतं की ती पोरगी गेली की बाबा खचतील, आणि मग तुम्हा दोघांचं सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात येईल. मिल्डाने तेव्हा ऐकून घेतलं होतं. लेकीचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं होतं.

"बाबा," ट्राउडेल म्हणाली, "पोलने खिडकी मांडलीय. दोन देवदूत."

अर्नोचा चाकू थांबला.

"दोन," ट्राउडेल पुन्हा म्हणाली. "वेत्सेलबाईंनी पाहिले, मग मी स्वतः जाऊन पाहून आले. एक मोठा, एक त्याहून जरासा लहान. आई आणि मुलगी. तुम्ही हो म्हणायच्या आधीच त्याने मोजणी करून टाकलीय. अख्खी गल्ली बघतेय."

सगळे थेआकडे वळले. ती चुलीपाशी उभी होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग असा काही मिटला की मिल्डाला ती एकदम परकी वाटली.

"ते तसं नाहीये," थेआ म्हणाली.

"मग कसं आहे?" अर्नोने विचारलं.

"ते मी सांगायचं नाही, बाबा. त्याचं त्याने सांगावं. तुम्ही त्यालाच विचारा."

अर्नोने त्याला विचारलं नाही. त्याने रोझेलचा देवदूत उचलला, गवतात गुंडाळून पुन्हा पेटीत ठेवला, त्याच्या शेजारी खाणवाला ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं. त्याने सांगितलं की यंदा आपली खिडकी लागणार नाही. लोकांना मोजायचंच असेल तर त्यांनी वर जाऊन पोलची मोजावी. रोझेल शेवाळाची टोपली घेऊन दारात उभी होती. ते शेवाळ कशासाठी आणायला सांगितलं होतं, असं तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंधारू लागलं तशी मिल्डाने शाल घेतली आणि ती एकटी बाहेर पडली.

एरवी ही चाल तिला वर्षातली सगळ्यात आवडती. चढावरच्या त्या वाकड्या घरांच्या ओळीत एकेक खिडकी पेटत जाते, बर्फावर पिवळे चौकोन पडतात, कुठल्यातरी घरातून भाजलेल्या ब्रेडमधल्या मनुकांचा वास येतो, कुठे पोरं दारावर कागदी तारा टांगताना भांडत असतात. यातल्या निम्म्या घरांतल्या मुलींना मिल्डाने लेस विणायला शिकवलं होतं. कोणाची बोटं चपळ, कोणाची आळशी, कोण फिरकी चुकली की रडायची आणि कोण गुपचूप तशीच पुढे विणायची, हे तिला अजून आठवत होतं. चुकलं तर उसवायचं, पण किती मागे जायचं ते आधी बघायचं, एवढं ती प्रत्येकीला पहिल्या दिवशीच सांगायची.

खिडक्या तीही मोजायची. मोजल्याशिवाय या गल्लीतून कोणी चालतच नाही. युद्धानंतर ही मोजणी अवघड झाली होती. वेत्सेलबाईंनी चारही मुलांचे खाणवाले उभे केले होते, पण त्यातल्या तिघांच्या मेणबत्त्या त्या पेटवत नसत. बेकरीवालीने गेलेल्याचा खाणवाला पडद्याआड ठेवला होता. त्याची टोपी तेवढी दिसायची. कोणी काढूनच टाकला होता. चूक कोणाचीच नव्हती. मिल्डाने गॉटहोल्डचा दर वर्षी पेटवला. तो मेला असं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून. निदान ती तसं सांगायची.

मागे वळून तिने आपल्या खिडकीकडे पाहिलं. काळी. दोन बायका तिच्यासमोर थांबल्या होत्या. मिल्डा पुढे निघाली. पोलला काय सुनवायचं ते तिने मनात नीट जुळवून ठेवलं होतं. चुकणाऱ्याचा तिला राग येत नसे, पण ज्याने विचारलंच नाही त्याचा यायचा.

पोलने दार उघडलं आणि तो बाजूला झाला. उंच, वाकलेला माणूस, हातांवर लोखंडाचा काळपटपणा. त्याने खुर्ची पुसून दिली. खोलीत पलंग, शेगडी, एक टेबल. आणि खिडकीत ते दोघे, नवे कोरे, रंगाचा वास अजून न गेलेले.

"उलिगबाई, मला वाटलं होतं उलिगसाहेब येतील," तो म्हणाला.

"ते आले असते तर बोलले नसते. मी बोलायला आलेय." मिल्डा बसली नाही. "पोल, तुम्ही इथले नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरची मुलगी आपल्या खिडकीत लावत नाहीत. आधी तिच्या माणसांना विचारतात. बायकोसाठी तर नवरा मांडतच नाही, तिचा असेल तो तीच माहेरून आणते. तुम्ही दोन देवदूत मांडलेत. सगळी गल्ली म्हणतेय की—"

ती थांबली. पोल तिच्याकडे असा बघत होता की त्याला खरंच काही कळलेलं दिसत नव्हतं. मग ते त्याला हळूहळू कळत गेलं. तो टेबलाला धरून उभा राहिला.

"तुमच्या रोझेलचा म्हणून?" तो म्हणाला. "नाही हो. नाही."

आणि मग तो सांगू लागला, खिडकीकडे बघत, घाई न करता. त्याच्या गावी हे नव्हतं. तिथे नाताळात येशूच्या जन्माची गव्हाणी मांडायचे. इथे आल्यावर त्याने ह्या खिडक्या पाहिल्या, पण त्यांचा अर्थ त्याला कळत नव्हता. गेल्या वर्षी थेआबरोबर गल्लीतून जाताना त्याने उलिगांच्या खिडकीतला तो पेटलेला खाणवाला कोणाचा, असं विचारलं. तिने सांगितलं की माझ्या नवऱ्याचा, तो घरी नाहीये, पण सासूबाई त्याला दर वर्षी पेटवतात. यंदा तो कोरीवकाम विकणाऱ्या बाईकडे गेला. तिने विचारलं, घरात मुली किती. तो म्हणाला, दोन. तिने दोन बांधून दिले.

"तिने पुढे काही विचारलं नाही," पोल म्हणाला. "मीही सांगितलं नाही. मला वाटलं, इथे मूल कुठे आहे ते विचारत नाहीत, आहे एवढंच मोजतात. तुमच्या खिडकीवरून मी तसं शिकलो, उलिगबाई. चुकलो असेन तर काढून टाकतो."

मिल्डा आता बसली.

"नावं काय?"

"हेडविग. आणि धाकटी क्लारा."

शेवटच्या हिवाळ्यात तो गाड्यांवर कामाला होता आणि बायको मुलींना घेऊन इतरांबरोबर पायी निघाली होती. त्या थंडीत मुली गेल्या, आधी धाकटी. जमीन एवढी गोठलेली की पुरता आलं नाही; एका देवळाच्या पडवीत ठेवून पुढे जावं लागलं. हे त्याला बायकोनेच सांगितलं, आणि वसंत ऋतू यायच्या आत तीही तापाने गेली. ते देऊळ कुठलं, हे आता सांगणारं कोणी नव्हतं.

"किती वर्षांच्या आहेत?" मिल्डाने विचारलं. 'होत्या' असं म्हणायचं होतं, पण तोंडून तसं आलं नाही.

"बारा आणि दहा," पोल म्हणाला, एका क्षणाचाही विचार न करता.

मिल्डाने मान खाली घातली. गॉटहोल्डला येत्या मार्चमध्ये पस्तिसावं लागणार होतं. हे तिने आजवर कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, अर्नोलाही नाही.

"काढू नका," ती शेवटी म्हणाली. "राहू द्या. पेटवता ना?"

"रोज."

"बरं करता."

घरी अर्नो स्वयंपाकघरात बसला होता, समोर कुलूप लावलेली पेटी. थेआ पोरीला घेऊन वरच्या खोलीत होती. मिल्डाने शाल काढली नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं, पोलने ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने, स्वतःचं काही न मिसळता. दुकानातल्या बाईचा प्रश्न, देवळाची पडवी, मुलींची वयं. अर्नोने मध्येच उठून शेगडीत कोळसा घातला, जरुरी नसताना.

शेगडीचं दार लावून तो परत पेटीपाशी बसला. मग म्हणाला की त्या माणसाबद्दल आपण वाईट विचार केला, हे त्याला कबूल आहे. पण त्यामुळे पोरीची गोष्ट बदलत नाही.

"ती गेली की आपल्या खिडकीत काय राहतं, मिल्डा? जो नाही तो. एकटा उभा."

"तो एकटाच आहे, अर्नो."

त्याने पेटी आपल्याकडे ओढली.

"पोरीला आपण त्याच्या शेजारी उभी केली म्हणून तो कमी एकटा झाला नाही," मिल्डा म्हणाली. ती सावकाश बोलली, नवख्या मुलीला पहिला टाका दाखवताना बोलायची तशी. "आपण तिला त्याची राखण करायला ठेवलंय. थेआलाही. मीही ठेवलंय, तू एकट्यानेच नाही. मला वाटायचं, त्या दोघी इथे आहेत म्हणजे तो यायचा आहे. त्या गेल्या की मीच त्याला गेलेला धरला असं होईल. पण ते तसं नाहीये. तो पोल मुलींना पुरूही शकला नाही, तरी त्यांना वर्षावर्षाने मोठं करतोय, आणि तरी उद्याचं बोलतोय. आपणही गॉटहोल्डला पेटवू की. कोण नको म्हणतंय? त्यासाठी आठ वर्षांची पोर कशाला लागते?"

अर्नोने दोन्ही तळहात पेटीवर ठेवले. कोरणाऱ्याचे हात, अंगठ्याला जुना छेद. ते हात तिथे कितीतरी वेळ पडून होते.

"मला त्याच्याकडे जायला लावू नकोस," तो म्हणाला.

"नाही लावत."

"आणि बदलीबिदली झाली तर नाताळला ती इथे येईल. हे मला थेआच्या तोंडून ऐकायचंय."

"तूच विचार तिला. ती खाली आली की विचार. हुकूम म्हणून सांगू नकोस, विचार."

त्याने किल्ली काढली. पेटी उघडून देवदूत बाहेर काढला, त्याच्या मुठीतलं गेल्या वर्षीचं मेण चाकूच्या टोकाने साफ केलं, दोन नव्या मेणबत्त्या शेजारीशेजारी धरून सारख्या उंचीच्या कापल्या आणि बसवून पाहिल्या. एक तिरपी वाटली, तिला पुन्हा बसवलं. मग खाणवाल्यालाही घेतलं. तो काम करत असताना थेआ जिन्यात येऊन उभी राहिली. अर्नोने वर न बघताच तिला विचारायचं ते विचारलं. थेआ म्हणाली, "दर नाताळला, बाबा. मी वचन देते." आणि ती शेवटच्या पायरीवर खाली बसली आणि तोंड झाकून रडली. गेल्या आठवडाभरात ती पहिल्यांदाच रडत होती. मिल्डा तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघींना ती पायरी जरा अरुंदच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्राउडेलला निरोप गेला तेव्हा ती नाखुशीनेच आली. मिल्डाने तिला सगळं सांगितल्यावर तिचे कान लाल झाले. मग पुटपुटली की तिला कसं कळणार होतं.

"कळणार नव्हतंच," मिल्डा म्हणाली. "पण ती बातमी गल्लीभर तू फिरवलीस. आता हीही तूच ने. कंदील घे आणि आमच्याबरोबर वर पोलकडे चल, रोझेलचा देवदूत पोचवायला. आणि आमचं कोण करणार याची काळजी आजच्या दिवस बाजूला ठेव. मी अजून चढ चढतेय ना?"

"बर्फावरून घसरलीस तर उचलायला मीच लागणार," ट्राउडेल म्हणाली, पण कंदील तिने घेतला.

त्याच संध्याकाळी त्या चौघी निघाल्या. पुढे ट्राउडेल, मग थेआ, मागे मिल्डाचा हात धरून रोझेल. दुसऱ्या हाताने तिने शालीत गुंडाळलेला देवदूत छातीशी धरला होता. लग्न नसताना देवदूत घराबाहेर निघालेला गल्लीने कधी पाहिला नव्हता. पडदे हलले, दारं किलकिली झाली. वाटेत ट्राउडेल दोन ठिकाणी थांबली आणि दारात उभ्या असलेल्या बायकांशी हळू आवाजात बोलली. ती काय बोलली ते मिल्डाने ऐकायचा प्रयत्न केला नाही. त्या बायकांच्या तोंडावरून दिसत होतं.

पोलची खोली एवढ्या माणसांसाठी नव्हती. रोझेलने शाल सोडली आणि देवदूत पुढे केला. पोलने हात पँटला पुसले. तो खिडकीपाशी गेला आणि आपले दोन देवदूत दोन बाजूंना सरकवून त्याने मधोमध जागा केली, मोठी, ऐसपैस.

"तिथे नको," मिल्डा म्हणाली.

पोलचा हात तसाच राहिला.

"रोझेल," मिल्डा म्हणाली, "वेत्सेलांच्या खिडकीत चौघे कसे उभे असतात, आठवतं?"

"मोठा दाराकडे," रोझेल म्हणाली. "मग त्याच्यापेक्षा लहान. मग अजून लहान."

"का?"

"जन्मले तसे."

"ह्या कोण आहेत?"

आईने तिला आदल्या रात्री सांगितलं होतं. तरी रोझेलने आधी पोलकडे पाहिलं, विचारू का असं. मग एकेकावर बोट ठेवत म्हणाली, "ही हेडविग. बारा वर्षांची. ही क्लारा, दहा."

"आणि तू?"

"आठ."

"मग?"

रोझेलने हेडविगला पहिल्या जागी नेलं. क्लाराला तिच्या शेजारी आणलं, पंखाला पंख लागेल इतकं जवळ. मग आपला देवदूत सगळ्यात शेवटी ठेवला, दोन पावलं मागे होऊन पाहिलं, आणि पुढे जाऊन तो जरासा सरळ केला. पोलने काडी ओढली, पण त्याच्याने ती धरवेना. तेव्हा ट्राउडेलने ती त्याच्या हातातून घेतली आणि मोठीपासून सुरुवात करून ओळीने सगळ्या मेणबत्त्या लावल्या.

खिडकीबाहेर वेत्सेलबाई काठी टेकत चढ चढून आल्या होत्या. त्या थांबल्या. त्यांचे ओठ हलले, एक, दोन, तीन. मग त्यांनी मान हलवली, जशी त्या प्रत्येक घरापुढे हलवत, आणि पुढची खिडकी मोजायला निघाल्या.